संगीत आणि दुसरा विषय, दोन्ही युनिव्हर्सिटीत शिकायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा की व्हायोलिन तू लहानपणापासून वाजवतेस, शिक्षकांच्या मते पुढे जाण्याइतकं चांगलं वाजवतेस, पण जीवशास्त्रही तितकंच आवडतं, इतिहासाचीही थोडी ओढ आहे, आणि आता अर्ज भरायची वेळ आली तर जो तो सांगतोय की एक काय ते ठरव. दोन्ही करता येतं का आणि केलं तर दोन्ही अर्धवट राहतात का, हे तुला हवंय.

करता येतं. मी बरीच वर्षं युनिव्हर्सिटीत संगीत शिकवतेय आणि शेजारी दुसरी डिग्री करणारी मुलं माझ्याकडे कायम असतात, त्यातली काही फार सुंदर पार पडतात आणि काही तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत पार दमून जातात, आणि यात हुशारीचा किंवा टॅलेंटचा संबंध मला फारसा दिसलेला नाही. संबंध दिसतो तो सुरुवातीला कुठली रचना निवडली आणि आठवड्याचे तास कसे लावले याच्याशी. म्हणून उत्तर लांबलंय, पण तू सगळं वाच.

आधी एक कर, 'मला जास्त काय आवडतं' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेव. त्याचं उत्तर या वयात दर महिन्याला बदलतं, चांगली मैफल ऐकली की संगीत आणि चांगला लेक्चरर मिळाला की बायॉलॉजी. त्याऐवजी स्वतःला विचार की यातलं थांबू शकेल असं काय आहे. इतिहास तू तिसाव्या वर्षी सुरू केलास तरी चालतं. जीवशास्त्राची डिग्री दोन वर्षं उशिरा सुरू झाली तरी काही बिघडत नाही. पण व्हायोलिनवर हाताची जी घडण अठरा ते बावीस या वयात होते ती नंतर करायची म्हटली तर फार जड जाते, अशक्य असं मी म्हणणार नाही पण फार जड. पियानोचंही तेच. उलट गायकाचा आवाज पंचविशीच्या आसपास आणि काहींचा त्याहूनही उशिरा पक्का होतो, त्यामुळे शास्त्रीय गायन शिकणाऱ्या मुलांना मी बिनधास्त सांगते की आधी दुसरा विषय मनापासून शिका, आवाज सांभाळा, भाषा शिका, गाण्याची मोठी डिग्री नंतर करा. कम्पोझिशन, म्युझिकॉलॉजी (संगीताचा शास्त्रीय अभ्यास), कंडक्टिंग हेही थांबू शकतं, किंबहुना थोडं जग बघून आलेल्यांना ते जास्त जमतं असं माझं मत आहे. म्हणजे 'संगीत आणि दुसरं काही' या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाहीच, तू काय वाजवतेस त्यावर बरंच ठरतं. तुझ्या बाबतीत थांबू न शकणारी गोष्ट व्हायोलिन आहे, तेव्हा बाकी सगळी मांडणी त्याच्याभोवती करायची.

आता तासांचा हिशोब, कारण लोक इथेच फसतात. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजार तास रियाज केला की माणूस निष्णात होतो अशी जी गोष्ट सगळीकडे ऐकू येते ती याच अभ्यासातून निघून पुढे भलतीच ताणली गेली. मला त्यातले दुसरे आकडे जास्त कामाचे वाटतात. वाजवण्याच्या दर्जाप्रमाणे तीन गट केले होते, त्यातल्या वरच्या दोन गटातली मुलं एकट्याने रियाज आठवड्याला सरासरी २४ तासांच्या आसपास करत होती, आणि संगीत शिक्षक होण्यासाठी शिकणारा जो तिसरा गट होता तो साधारण ९ तास. वरचे दोन गट झोपतही जास्त होते, दिवसाला सरासरी ८.६ तास, त्यात दुपारची डुलकी धरून, आणि तिसरा गट ७.८ तास. रियाज जास्त करून सकाळी उशिरापर्यंत, मग दुपारी विश्रांती. गट लहान होते, प्रत्येकात १० जण, त्यामुळे हे काही दगडावरची रेघ नव्हे, पण माझ्या विद्यार्थ्यांचं बघून मला हे चित्र बरोबर वाटतं.

हे आकडे धरून आठवडा मांडून बघ. एकूण तास १६८. त्यातले ६० झोपेचे. युनिव्हर्सिटीत १५ क्रेडिट घेतले तर क्लासचे १५ तास आणि नेहमीच्या अंदाजाने क्लासबाहेर त्याच्या दुप्पट, म्हणजे ४५. रियाजाचे २४ आणि ऑर्केस्ट्रा, चेंबर ग्रुप (मोजक्या वादकांचा छोटा गट) मिळून ६. उरले ३३, म्हणजे दिवसाला पाच तासांहून थोडे कमी, आणि यात जेवण, अंघोळ, प्रवास, फोन, मित्रमैत्रिणी, ताप, सगळं आलं. प्रत्यक्षात थोडी सवलत मिळते, कारण १५ क्रेडिटमध्ये संगीताचेही क्लास असतात आणि रियाजाचा काही भाग त्यातच धरलेला असतो. पण एक छुपा खर्चही आहे, तो म्हणजे ऑर्केस्ट्रा किंवा एन्सेम्बलला बऱ्याच ठिकाणी एकच क्रेडिट असतं आणि आठवड्याचे तास चार-पाच-सहा कितीही जातात. वेळापत्रकावर १६ क्रेडिट दिसले की वाटतं नेहमीचाच भार आहे, पण संगीताचे १६ आणि समाजशास्त्राचे १६ यांचं वजन अजिबात सारखं नसतं. सल्लागार हे तुला सांगेलच असं नाही कारण त्याच्या स्क्रीनवर फक्त क्रेडिट दिसतात.

आणि या दोन प्रकारच्या वेळेत मूळचाच फरक आहे. वाचन, असाइनमेंट, लॅब रिपोर्ट हे रात्री अकराला करता येतं, बसमध्ये करता येतं, रविवारी एकदम करून टाकता येतं. रियाज तसा साठवून करता येत नाही. पाच दिवस काही नाही आणि शनिवारी आठ तास, असं केलंस तर हात दुखतो, कान थकतो आणि पुढच्या सोमवारी हातात काहीच उरलेलं नसतं. एका बैठकीत तासाभरापेक्षा फार जास्त वेळ खरं लक्ष टिकत नाही, आणि दिवसाला साडेतीन-चार तासांच्या पुढे बहुतेकांचं वाजवणं नुसतं फिरत राहतं. म्हणून दिवसातले सगळ्यात ताजे तास रियाजाला आणि उरलेल्यात अभ्यास, हा क्रम मी सगळ्यांना लावून देते. सकाळी प्रॅक्टिस रूमही रिकाम्या मिळतात, संध्याकाळी रांग असते. सुरुवातीला मुलं म्हणतात की सकाळी अभ्यास जास्त चांगला होतो, होत असेलही, पण दमलेल्या डोक्याने वाचलेलं पान उद्या परत वाचता येतं आणि दमलेल्या हाताने पक्की केलेली चुकीची सवय काढायला महिने लागतात.

आता रचना. नावं सगळीकडे वेगवेगळी असतात त्यामुळे गोंधळ होतो. अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिक ही व्यावसायिक डिग्री धरली जाते, तिच्यात साधारण दोन-तृतीयांश अभ्यासक्रम संगीताचाच असतो. बीए करून त्यात संगीत मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून घेतलं तर संगीताचा वाटा साधारण ३० ते ४५ टक्के. हा फरक फार मोठा आहे. बीए संगीत आणि बीएस्सी जीवशास्त्र असं डबल मेजर चार वर्षांत नीट बसू शकतं, पण तिथे वाजवण्यापेक्षा संगीताचा इतिहास, थिअरी, विश्लेषण जास्त असतं, आणि व्हायोलिनचा शिक्षक कुठल्या दर्जाचा मिळेल ते त्या त्या जागेवर. बॅचलर ऑफ म्युझिक आणि शेजारी दुसरी संपूर्ण डिग्री हवी असेल तर तिला डबल डिग्री म्हणतात आणि ती बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची असते. ओबरलिनमध्ये कॉलेज आणि कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे वादन-गायनाचं उच्च शिक्षण देणारी संस्था, एकाच आवारात आहेत आणि पाच वर्षांत दोन डिग्र्या घेणारे विद्यार्थी तिथे कायम असतात, त्यामुळे कोणी तुझ्याकडे विचित्र नजरेने बघत नाही, आणि या गोष्टीचं मोल तिथे गेल्यावरच कळतं. बार्डची कॉन्झर्व्हेटरी २००५ मध्ये सुरू झाली आणि तिथे तर बॅचलरच्या मुलांना संगीताबरोबर दुसऱ्या विषयाची डिग्री घ्यायलाच लागते असा नियम ठेवलाय, पाच वर्षांत. जॉन्स हॉपकिन्स आणि पीबडी, टफ्ट्स आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी, अशा जोड्याही आहेत, पण तिथे दोन आवारं वेगळी आहेत. हे नुसतंच अंतर आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नकोस. दुपारी एकला ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब आणि अडीचला शहराच्या दुसऱ्या टोकाला रिहर्सल, हे कागदावर जमतं आणि प्रत्यक्षात वर्षभर जमत नाही. बसमधले ते रोजचे तास वर मांडलेल्या ३३ मधूनच जातात.

तिसरी रचना मला तुझ्यासारख्या मुलांसाठी बऱ्याचदा सगळ्यात शहाणपणाची वाटते. तिच्यात बॅचलरची डिग्री दुसऱ्या विषयाची असते, पण व्हायोलिनची शिकवणी पहिल्या दिवसापासून कॉन्झर्व्हेटरीच्या शिक्षकाकडे चालू राहते आणि शेवटी मास्टर्स संगीतात. हार्वर्ड आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचा पाच वर्षांचा कार्यक्रम असाच आहे, कोलंबिया आणि जुलियर्डचाही याच धर्तीचा. हात थांबत नाही आणि संगीताचे सगळे सक्तीचे क्लास मात्र पहिल्याच वर्षी अंगावर पडत नाहीत. असल्या जागा अगदी थोड्या असतात आणि दोन्हीकडे स्वतंत्र प्रवेश मिळवावा लागतो, एका बाजूची निवड दुसऱ्या बाजूवर काही उपकार करत नाही. पण लक्षात घे की हीच रचना स्वतःलाही उभी करता येते, कुठल्याही चांगल्या युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र, त्याच शहरात एक उत्तम शिक्षक, युनिव्हर्सिटीचा ऑर्केस्ट्रा, आणि चार वर्षांनी मास्टर्ससाठी ऑडिशन. मास्टर्सच्या ऑडिशनमध्ये सगळ्यात जास्त वजन तुझ्या वाजवण्याला असतं. थिअरी आणि कानाची परीक्षा मात्र द्यावी लागते, तेव्हा ती बाजू कोरडी ठेवू नकोस.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनिव्हर्सिटी आणि तिथली रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक यांचा चार वर्षांचा जॉइंट कोर्स आहे, पण तिथे दोन्हीकडे विषय संगीतच, एकीकडे अभ्यास आणि दुसरीकडे वादन, म्हणजे तुझं जीवशास्त्र त्यात येत नाही. जर्मनीत माध्यमिक शाळेत संगीत शिकवायचं तर सहसा दुसरा एक विषयही घ्यावा लागतो, त्यामुळे संगीत आणि गणित किंवा संगीत आणि इतिहास असं शिकणारी मुलं तिथे नेहमीची आहेत. शिकवणं मनापासून आवडत असेल तर या रस्त्याकडे जरूर बघ, त्यात दोन्ही विषय आयुष्यभर वापरात राहतात.

दोन विषय एकमेकांत मिसळलेल्या डिग्र्या हा वेगळाच भाग, आणि तो फार सुंदर आहे. ध्वनिमुद्रणाचा टोनमायस्टर हा कोर्स जर्मनीत डेटमोल्डला १९४९ मध्ये सुरू झाला, इंग्लंडमध्ये सरे युनिव्हर्सिटीत १९७० मध्ये, आणि त्यात वाजवता येणं, स्वर ओळखता येणं आणि भौतिकशास्त्र-इलेक्ट्रॉनिक्स समजणं तिन्ही लागतं. स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग हा कम्पोझिशन शिकणारा माणूस, त्याने कॉम्प्युटरवर आवाजाचे प्रयोग करता करता १९६७ मध्ये एफएम सिंथेसिस ही इलेक्ट्रॉनिक आवाज बनवण्याची पद्धत शोधली, ती यामाहाने घेतली आणि १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथेसायझर आला जो त्या दशकातल्या असंख्य गाण्यांत ऐकू येतो. चाउनिंग मूळचा इंजिनिअर नव्हता, त्याला एक आवाज हवा होता आणि त्यासाठी लागेल ते तो शिकला. तबला आणि मृदंगावर बाकीच्या चर्मवाद्यांपेक्षा इतका स्वच्छ स्वर का लागतो, हे कोडं सी. व्ही. रामन यांनी घेतलं आणि कातड्यावरच्या शाईमुळे वरचे नाद एका सुरेल मालिकेत कसे बसतात ते १९२० मध्ये मांडलं. असा प्रश्न तुला खरंच छळत असेल तर या वाटेने जा. पण जोडता येतंय म्हणून ओढूनताणून जोडू नकोस. जीवशास्त्र आवडतं म्हणून 'संगीत आणि मेंदू' घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, तुला जर समुद्रातले प्राणी आवडत असतील तर समुद्रातले प्राणीच शिक. दोन विषय एकमेकांना उपयोगी पडलेच पाहिजेत हा आग्रह मला पटत नाही. दोन्ही स्वतःच्या बळावर उभे राहिले तरी पुरे.

हिंदुस्थानी किंवा कर्नाटक संगीत शिकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे, म्हणून इथेच लिहिते. तिथे खरी तालीम गुरूकडे होते आणि डिग्री हा त्याच्या बाजूचा भाग असतो, त्यामुळे युनिव्हर्सिटीत पूर्ण वेगळा विषय आणि गाणं गुरूकडे हा रस्ता चांगलाच मळलेला आहे. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. आणि बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. केली, आणि गाण्याची तालीम आधी नारायणराव दातार यांच्याकडे आणि मग घरी आई माणिक भिडे यांच्याकडे. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा दोन्हीच्या पदवीधर, तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे, नंतर संगीतात डॉक्टरेट आणि पुढे युनिव्हर्सिटीत प्राध्यापकी. भातखंडे तर वकील होते. हे लोक अपवादात्मक होते हे खरं, पण त्यांच्या बाबतीत तालीम तुटली नाही, हा भाग त्यांच्या प्रतिभेइतकाच महत्त्वाचा धर.

बोरोदिनचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं, रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि मोठा संगीतकार, बघा दोन्ही जमतं म्हणून. मी ते जरा वेगळ्या कारणासाठी सांगते. 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा त्याने १८६९ मध्ये घेतला आणि १८८७ मध्ये तो गेला तेव्हा तो अपुराच होता, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्हने तो पुरा केला. मधल्या काळात लेक्चर, प्रयोगशाळा, विद्यार्थी, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावं म्हणून केलेलं काम, हे सगळं चालू होतं आणि ते सगळं मोलाचंच होतं. पण त्या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी समोर उभं होतं, तारीख होती, आणि ऑपेराला तारीख नव्हती. तुझ्या सेमिस्टरमध्येही नेमकं हेच होणार आहे. बायॉलॉजीची मिड-टर्म तारखेवर येते, लॅब रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाच असतो, आणि बाख या संगीतकाराची रचना नीट बसवायला कुठलीच तारीख नसते, मग दरवेळी बाखच मागे सरकतो. म्हणून वाजवण्याला बाहेरून तारखा लावून घे. दर सहा-आठ आठवड्यांनी कुठेतरी लोकांसमोर वाजवायचंच, विद्यार्थ्यांची मैफल असो, मास्टरक्लास असो, चेंबर ग्रुपचा छोटा कार्यक्रम असो. चेंबर म्युझिकचा तर खास आग्रह करेन कारण तिथे तू तयारी न करता गेलीस तर तीन माणसं तुझ्यासाठी खोळंबतात. आणि तुझं रिसायटल, म्हणजे स्वतःच्या वादनाची मैफल, सेमिस्टरच्या अगदी शेवटी ठेवू नकोस, तिथे फायनल आणि संगीताच्या जुरी (परीक्षकांसमोर वाजवायच्या परीक्षा) एकत्र येऊन आदळतात, मधल्या आठवड्यांतली तारीख माग, लवकर मागितली तर मिळते.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक लावताना एक गोष्ट बाकी सगळ्याआधी तपास. संगीताची थिअरी आणि इअर ट्रेनिंग ही बहुतेक ठिकाणी चार सेमिस्टरची साखळी असते, एक झाल्याशिवाय दुसरं घेता येत नाही, आणि पहिलं बऱ्याच जागी वर्षाच्या सुरुवातीच्याच सेमिस्टरला असतं. ते हुकलं की अख्खं वर्ष गेलं. जीवशास्त्रातही तशीच साखळी आहे, जनरल केमिस्ट्री, मग ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. या दोन साखळ्या पहिल्याच सेमिस्टरला सुरू करायच्या, आणि बाकीचं, म्हणजे भाषा, इतिहास, निबंधलेखन, सक्तीचे जनरल विषय, हे सगळं नंतरच्या वर्षांत ढकलायचं. डबल डिग्रीतली जी मुलं सहाव्या वर्षात जाताना मी पाहिली त्यांच्यापैकी बहुतेकांचं कारण हेच, कुठल्या तरी साखळीची एक कडी पहिल्या वर्षी सुटलेली. तुला इतिहासही हवाय, तो मेजर म्हणून तिसरा घुसवू नकोस, दर वर्षी एखादा कोर्स मनापासून घे, आणि सक्तीच्या जनरल विषयांतही तो मोजला जातो का ते बघ.

शिक्षक निवडताना थोडी जास्त काळजी घे. व्हायोलिनचा प्राध्यापक कितीही मोठा असला तरी त्याला दुसरी डिग्री करणारी मुलं नकोशी वाटत असतील तर पाच वर्षं तू सतत सफाई देत राहशील. अर्ज करायच्या आधी एखादा ट्रायल लेसन माग, बरेच जण देतात, आणि तिथे सरळ विचार की डबल डिग्रीचे विद्यार्थी तुमच्याकडे आहेत का आणि त्यांच्याकडून तुमची काय अपेक्षा असते. 'अपेक्षा सगळ्यांकडून सारखीच' हे उत्तर आलं तर मला ते चांगलं वाटतं, कारण तो शिक्षक तुला दुय्यम धरत नाहीये. 'बघू, जमेल तसं' हे उत्तर ऐकायला गोड असतं पण त्यात तुझ्याकडे थोडं दुर्लक्ष होणार हे आलंच. आणि प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात व्हायोलिनच्या शिक्षकाला लॅबच्या वेळा आणि लॅबच्या प्राध्यापकाला कॉन्सर्टच्या तारखा लिहून दे. तीन महिने आधी सांगितलं की बहुतेक लोक जुळवून घेतात, तीन दिवस आधी सांगितलं की तू बेफिकीर ठरतेस.

हाताचं सांगायलाच हवं. परीक्षेचे दोन-तीन आठवडे रियाज कमी होणार, होऊ दे, त्याने काही बुडत नाही. धोका त्यानंतर असतो, सुट्टी लागली की भरपाई म्हणून एकदम पाच-सहा तास वाजवायला घेतात आणि मनगट, खांदा, मान धरून बसतात. थांबलेला रियाज पुन्हा पूर्ववत करायला एक-दोन आठवडे दे, रोज थोडा वाढव. दुखायला लागलं की त्या दिवशी थांब, आणि दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरकडे जा, संगीतकारांचे हात बघायची सवय असलेला मिळाला तर उत्तमच. परीक्षेच्या काळात दिवसाला चाळीस-पन्नास मिनिटं मात्र सोडू नकोस, स्केल्स, एखादा एट्यूड (सरावासाठीचा तुकडा), एक अवघड उतारा, बस्स. बाकी स्वरलिपी समोर घेऊन वाद्याशिवाय वाचणं, बोटं मनात लावणं, रेकॉर्डिंग ऐकणं, हे बसमध्येही होतं आणि त्याचा खराच उपयोग होतो.

घरच्यांना वाटणारी काळजी रास्त आहे, नुसत्या वादनावर पोट भरणारे थोडेच असतात, आणि दुसरी डिग्री हाताशी असली की संगीतातले निर्णय पैशाच्या भीतीने घ्यावे लागत नाहीत, हे मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांत पाहिलंय. पण दुसरा विषय फक्त आधार म्हणून घेतलास तर तो तुला चार वर्षं ओझंच वाटेल. जीवशास्त्र तुला आवडतं म्हणतेस, तर ठीक आहे.

आणि सोडण्याबद्दल. तिसरं सेमिस्टर संपलं की एकदा शांतपणे बस आणि बघ. मार्क बघू नकोस, हे बघ की मोकळा तास मिळाला की पाय कुठे वळतात, आठवड्यातून किती रात्री झोप सहा तासांच्या आत गेली, आणि वाजवणं मागच्या वर्षीपेक्षा पुढे गेलंय का, यासाठी दर सेमिस्टरच्या सुरुवातीला तोच एक तुकडा रेकॉर्ड करून ठेव म्हणजे अंदाजावर राहायला नको. वाजवणं जागच्या जागी असेल आणि झोप उडाली असेल तर एक डिग्री मायनर, म्हणजे कमी कोर्सचा दुय्यम विषय, कर. डबल डिग्री मायनरवर आणणारे माझे विद्यार्थी त्यानंतर दोन्ही विषय जास्त चांगले शिकले, कोणालाही त्याची लाज वाटायचं कारण नाही. उलट मायनरवरून डबल डिग्रीवर चढणं फार कठीण असतं कारण साखळ्या निघून गेलेल्या असतात, म्हणून शंका असेल तर सुरुवात मोठ्या रचनेने कर आणि मग कमी कर.

अर्ज करण्याआधी प्रत्येक संस्थेला ईमेल करून विचार की स्कॉलरशिप पाचव्या वर्षाला लागू आहे की आठ सेमिस्टरवरच संपते, दोन्ही प्रवेश वेगळे की एकत्र, एकीकडे मिळालं आणि दुसरीकडे नाही तर काय होतं, संगीतात मेजर नसलेल्यांना प्रॅक्टिस रूम आणि मुख्य शिक्षकाकडे लेसन मिळतो का, आणि मागच्या काही वर्षांत सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी दोन्ही डिग्र्या पुऱ्या केल्या. सध्या चौथ्या किंवा पाचव्या वर्षाला असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी गाठ घालून द्या म्हणून सांग. त्याला किंवा तिला 'कसं चाललंय' असं विचारू नकोस, कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाने विचार, किती वाजता वाजवलं, किती वाजता लॅब, किती वाजता झोप. आणि तारखांचं बघ, ऑडिशनआधी मागतात ती प्री-स्क्रीनिंगची रेकॉर्डिंग बऱ्याच कॉन्झर्व्हेटरींना डिसेंबरच्या सुरुवातीला लागतात, तुझे तुकडे ऑक्टोबरपर्यंत बसलेले हवेत, आणि पियानोच्या साथीला कोण येणार ते आत्ताच ठरव.